खांद्यातल्या गाद्या

ता. ३ फेब्रुवारी

सौ. वन्संस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमचं सांत्वनाचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. घरात माणसं होती तोवर रडायला सवड नव्हती. आता सवड आहे.

काल ह्यांचं मशीन पुसलं. सुईखाली तुमचा ब्लाउज तसाच होता. दर महिन्याला बहिणीला नवा ब्लाउज आणि शिंप्याची बायको उसवलेल्यात, असं मी चिडवायची. हे हसायचे, मग खोकायचे. तुम्हाला खांद्यात गाद्या कधीपासून लागू लागल्या, हे मात्र विचारायचं राहिलं. एक गादी हाताला टोचली म्हणून उसवली. कापसात ह्यांच्या क्षयाच्या गोळ्या निघाल्या.

नर्सबाई पाकिटं तपासायच्या. सगळी रिकामी. तरी थुंकीत जंतू कसे, म्हणून त्या चक्रावायच्या. ह्यांच्या नावापुढे ‘पूर्ण औषध घेऊनही मृत्यू’ असं लिहिलं आहे. मी अजून कुणाला काही बोलले नाही. आधी तुम्हाला विचारते. वन्सं, तुम्हाला काय होतंय?

हे नसले तरी लोभ तसाच राहू द्यावा.

तुमची,
वहिनी


ता. १० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच जाळलं.

दादाचा आजार कळला तेव्हा मलाही ताप येत होता. सासूबाईंनी बजावलं होतं, भावाचा रोग घरात आणलास तर माहेरची वाट धर, पोरगी इथेच राहील. दादाला सांगितलं, तर म्हणाला, पेरू वाटून खाल्ले तसं हेही वाटून घेऊ. एक दिवस तो, एक दिवस मी. ताप उतरला आणि आम्हाला वाटलं, जमलं. तो इतका खालावलाय हे त्याने कळू दिलं नाही. विचारलं की म्हणायचा, टुणटुणीत आहे.

आता खोकला परत आलाय. मुलीला कुशीत घ्यायची भीती वाटते. वहिनी, त्या गोळ्या ब्लाउजमधून पाठवाल का? मागायला तोंड नाही, तरी मागते.

रागवा, पण तोडू नका.

तुमची,
नणंद


ता. १४ फेब्रुवारी

सौ. वन्संस,
अ. उ. आ. वि. वि.

गोळ्या पाठवणार नाही. त्या नर्सबाईंच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, निबर होतात, म्हणाल्या. तुमची तपासणी करावी लागेल. औषध कदाचित वेगळं असेल, जास्त दिवसांचंही. पण ते एकटीने, पूर्ण घ्यायचं.

आधी मला तुमचा राग आला. मग ह्यांचा आला. आता कुणाचाच नीट येत नाही.

बुधवारी मी आणि नर्सबाई येतो. सासूबाईंशी मी बोलेन. तपासणी घरातल्या सगळ्यांची होईल, पोरीची आणि त्यांचीही. माझी झाली, मी ठीक आहे. त्यांनी माहेरचा धाक घातलाच, तर माहेर दारातच उभं असेल. ह्यांची खिडकीजवळची खाट झटकून ठेवली आहे. आणायची वेळ आली तर दोघींना आणीन, पोरीला मागे ठेवून नाही.

ब्लाउज मी पुरा केला. गाद्या काढल्या. माझे टाके ह्यांच्यासारखे सरळ नाहीत, नावं ठेवू नका. तुम्ही वाळला असाल म्हणून अंगात आवळला आहे, पण आतलं जास्तीचं कापड कापलेलं नाही. अंग भरलं की उसवू.

बुधवारपर्यंत जिवाला जपा, लोभ आहेच.

तुमची,
वहिनी