बाप्तिस्मा न घेतलेल्यांचा घास

आई, घानाच्या त्या बाईंबद्दल माझ्या मनात पहिल्या दिवशीच पाल चुकचुकली होती, आणि ती अजून गप्प बसलेली नाही. आपण आखातात राहायचो तेव्हा ऊद मेथा भागातल्या शाळेत त्या तुझ्याबरोबर शिकवायच्या. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्च सुटलं की आपल्याकडे जेवायला यायच्या आणि जेवणाआधी बायबल उघडायच्या. मी कॉलेजात जाणारी, गोड बोलणाऱ्या प्रत्येकाला आपल्याकडून काहीतरी हवं असतं असं मानणारी. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी सगळं ऐकायचे. एकदा त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीची येशूची वंशावळ काढली, जी आपण भराभर उरकतो. त्या मात्र एकेका नावावर थांबत होत्या. "आमच्याकडे पूर्वजांची नावं घेतल्याशिवाय माणूस स्वतःची ओळख सांगत नाही. येशू आमचा थोरला पूर्वज. मेल्यावर तो आधी मेलेल्यांना भेटायला गेला, पेत्राच्या पत्रात आहे. मग जे त्याच्याआधी गेले, त्यांना तो कसा टाकेल?" तुझा भात वाढणारा हात थांबला. "माझे बाबा बाप्तिस्मा न घेताच गेले," तू म्हणालीस. आजी आणि तुम्ही मुलं ख्रिस्ती झालात, आजोबा झाले नाहीत. त्यांचं तारण नाही, आता भेट नाही, असं गावच्या चर्चच्या पाळकांनी तुला लहानपणीच सांगून टाकलं होतं. बाईंनी विचारलं, "नाव काय त्यांचं?" आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच तू ते नाव घेतलंस. मग रडलीस.

पुढच्या शुक्रवारी तुझ्या ताटाशेजारी भाताचा एक घास वेगळा काढलेला दिसतो. मी फणकारते, "आई, दिस इज नॉट इन द बायबल! हे आपण सोडलंय ना?"

"अगं, सोडलं ते पाळकांच्या धाकाने. बाबा रोज काढायचे." जेवण झाल्यावर तू तो घास खिडकीतल्या एसीवर ठेवतेस, कावळा नाही तर साळुंकी तरी येईल म्हणून. बाई नुसत्या हसतात. मला वाटतं, आपल्याच घरची जुनी रीत आफ्रिकेला वळसा घालून मागच्या दाराने आत आली आणि आईला वाटतंय ती बायबलात सापडली. तुझं दुःख हेरून तुला हवा तोच अर्थ काढून देणारी बाई! मी पेत्राचं पत्र तपासलं. ओळ होती. पण तिचा अर्थ हाच, हे कुणी ठरवलं? आता या तुला स्वतःच्या चर्चच्या मंडळीत ओढतील, याची मी कितीतरी महिने वाट पाहिली. त्यांनी काहीच मागितलं नाही, तेव्हा माझा संशय आणखी वाढला.

तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. संशय घेता घेता मी चर्च सोडलं, मग देवही. गावच्या पाळकांचं खरं धरलं तर तू एकीकडे आणि मी आजोबांबरोबर दुसरीकडे, म्हणजे आपलीही आता भेट नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, इथेच राहील. बाईंनी लावलेला अर्थ मला आजही पटत नाही. पण तो खरा निघावा असं फार वाटतं, आई.