पत्रिकेआधी पायाचा फोटो

गिरगाव, ८ एप्रिल १९५६

प्रिय दमू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या वसतिगृहावर पाठवते आहे, घरी रेवदंड्याला नाही. तुझ्या आईने मला लालबागच्या स्थळाची चौकशी करायला सांगितली होती, ती मी केली. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. चरवीत बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी दूध घेत नाही, मग जावई कसा घेईन?

रघुवीर लंगडतो हे स्थळ आणणाऱ्या तात्यांनी लपवलं नाही. उलट छाती फुगवून सांगितलं, की पोराने जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठी खाल्ली आहे. इथे हल्ली ज्याचं त्याचं दुखणं लाठीचंच असतं. आमच्या मजल्यावरचे दत्ताराम मोरीत घसरले, तरी कोपरावरची पट्टी मोर्चातली म्हणून मिरवतात. तेव्हा मी लालबागला गेले ती डोळे उघडे ठेवूनच. मुलगा जिना चढला ठीक, पण उतरताना कठड्याला धरून पाय आडवा टाकत होता. पाटावर मांडी घालून छान बसला, पण खाटेखाली गेलेली वाटी काढायला उकिडवा बसेना, गुडघे टेकले. चोळत होता तो घोट्याचा पुढचा भाग. लाठी पाठीवर बसते, नडगीवर बसते, नेमकी घोट्याच्या खोबणीत कशी बसेल? मला हाडाच्या क्षयाची शंका आली, नाहीतर जन्मजात व्यंगाची. मी सरळ सांगितलं, पत्रिका राहू दे, आधी पायाचा फोटो दाखवा. त्याच्या आईचा चेहरा पडला. तो मात्र म्हणाला, चला की मावशी, मलाही कळू दे एकदा.

परळच्या डॉक्टरांनी त्याचं पाऊल नडगीकडे वर दाबलं तसा तो कळवळला. खाली वाकवलं तर काही नाही. मग बाजूने एक्स-रे काढला आणि खिडकीशी धरून मलाही दाखवला. नडगीच्या खालच्या टोकाला पुढून हाडाचा एक बारीक कोंब, आणि त्याच्यासमोर पावलाच्या हाडावर दुसरा. उकिडवं बसलं की मधलं मांस दाराच्या फटीत बोट सापडावं तसं चिमटतं आणि सुजतं. क्षय नाही, जन्माचं काही नाही. पोरवयापासून खो-खोत उकिडवं बसून उसळायचं, त्यात एकदा पाय मुरगळला तो बरा व्हायच्या आत पुन्हा मैदानात उतरला. असं हाड वाढायला वर्षं लागतात, तीन महिन्यांपूर्वीच्या लाठीने ते होत नाही. काही आठवडे खेळ आणि उकिडवं बसणं बंद, शेक, घोट्याला पट्टा, पोटरीचे व्यायाम आणि टाचेखाली थोडी उंची. एवढ्याने नाहीच भागलं तर इंजेक्शन, आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया करून ते कोंब काढतात.

पायाचं कोडं सुटलं, पण लाठीचं उरलंच. बाहेर व्हरांड्यात मी त्याला धरलं. तो म्हणाला, मोर्चात होतो मावशी, पण लाठी बसली ती शेजारच्या भिवाला. सांगून दमलो, ऐकतंय कोण. मला खरं वाटलं नाही. तात्यांना गाठलं, तर त्यांनी ते तुझ्या आईकडून ऐकलेलं. आईला पत्र घातलं, तर तिचं उत्तर आलं, की दमूनेच सांगितलं. आता तूच सांग, ज्या मुलाचं तोंडही पाहिलेलं नाहीस, त्याच्या पायाचं तुला काय ठाऊक?

उत्तर नको, मला मिळालं आहे. डॉक्टरांनी टाचेची उंची म्हणताच त्याने लाजत चप्पल पुढे केली. आत आधीच एक गादी होती, निळ्या ठिपक्यांच्या कापडाची, तुझ्या त्या घट्ट टाक्यांची. दादरच्या शिवणवर्गासाठी माझ्याकडे राहिलीस, तेव्हा दिवाळीला एकाच ताग्यातून दोघींना पोलक्याचं कापड घेतलं होतं मी. कापड कमी पडलं म्हणालीस, पण तुझ्याच बाह्या आखूड का झाल्या, ते आता समजलं. लंगडा जावई आईला चालला नसता, लाठी खाल्लेला चालला, हेही समजलं. मी तिला होकार कळवते आहे, कारण मुलगा खोटं बोलत नाही. बोलतेस ती तू. माझं पत्र तिथे पोचायच्या आत लाठीचं खरं आईला लिही. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती भर मांडवात लग्न मोडेल, तिला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. आणि डॉक्टर म्हणाले, एकाच टाचेला उंची देऊ नका, कंबर धरेल. म्हणून सोबत कापड आहे, दुसरी गादी शिव. शोधत बसू नकोस कुठून आलं ते. आता माझ्याही बाह्या आखूड आहेत.

तुझीच, तुम्हा दोघांच्याही आयांकडून शिव्या खायला तयार असलेली,
कालिंदीमावशी