एकोणीस नंबरची गोटी

प्रिय ल्युबेन,

परवा फोनवर तू गाडीचं विचारलंस, मी म्हटलं दुरुस्त झाली. आपल्या बाबांचं विचारलंस, तर म्हटलं बरे आहेत. त्यातली पहिली गोष्ट खरी होती. दुसरी लिहूनच सांगावी लागेल, कारण तुझा आवाज कानावर पडला की मी खोटं बोलते.

गाडीचं असं झालं. घाट चढताना बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि समोरचा काटा मात्र तळाशी निवांत पडलेला, जणू इंजिन थंडगार आहे. तापमानाचा सेन्सर गेला होता, त्यामुळे इंजिन थंड करणारा पंखाही सुरू होत नव्हता. बाबांनी गॅरेज बंद केल्यापासून आपल्या गावात दुसरं कुणी उघडलेलं नाही. आणि मंगळवारी दुपारच्या आत बाबांना घेऊन मला घाटापलीकडे पोहोचायचंच होतं. कशासाठी, ते लिहायला हात अजून धजत नाही.

सेन्सर मीच बदलायचं ठरवलं. ते ऐकून बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "पोरी, तू फक्त हात चालव. हत्यारं मी काढतो." त्यांची पद्धत तुला आठवत असेल. द्राक्षवेलीखालच्या बाकावर वर्तमानपत्र पसरायचं, लागतील त्या क्रमानं हत्यारं डावीकडून मांडायची, काम झालं की प्रत्येक हत्यार आपल्या जागी परत. एक जरी जागा रिकामी दिसली तरी बॉनेट लावायचं नाही. बराच वेळ ते शेडमध्ये खुडबुडत होते. मग बाहेर येऊन त्यांनी अगदी काटकोनात मांडणी केली: हातोडा, पाइप पाना, आईची वेल छाटायची कात्री आणि शेवटी कॉफीचं तांब्याचं भांडं. "झालं. या क्रमानं घे," म्हणाले.

चाळीस वर्षं मेकॅनिक होता तो माणूस, ल्युबेन. मी त्या भांड्याकडे बघत उभी राहिले.

ते आत हात धुवायला गेले तेव्हा मी योग्य हत्यारं काढली. त्यांनीच शिकवलेली. एकोणीस नंबरची गोटी, नटावर टोपीसारखी बसणारी, पण सहा कोनांची, कारण बारा कोनांची सेन्सरच्या पितळेचे कोपरे खाते. आणि लांब, कारण सेन्सरची शेपटी आत मावायला हवी. साधा फिक्स पाना तिथे फिरतच नाही, वर नळी आडवी येते. प्लगची क्लिप उचलायला बारीक स्क्रूड्रायव्हर, खाली पाणी धरायला पसरट तसराळं, तांब्याचं नवं वॉशर. सगळं त्याच कागदावर मांडलं आणि त्यांची हत्यारं गुपचूप शेडमध्ये ठेवली. त्यांना फरक कळला नाही. कळला असता तर बरं वाटलं असतं.

शेजारची स्तांका मिरच्यांची टोपली घेऊन कुंपणाशी थांबली. "काय गं नेवेना, बॉनेटमध्ये नवरा शोधतेस की काय?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "तिला नवरा कशाला? तिच्याकडे एकोणीसची गोटी आहे. ती निदान वाकडं बोलत नाही." स्तांका हसता हसता मिरच्या सांडून बसली. क्षणभर बाबा पूर्ण परत आले होते. मंगळवारचं सगळं रद्द करावं, असं मनात आलं. तेवढ्यात त्यांनी बॉनेटवर हात फिरवून हळूच विचारलं, "चांगली गाडी आहे. कुणाची?"

जुना सेन्सर सुटला, पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. नवा आधी बोटांनीच फिरवला, मग गोटीनं थोडासा. "घट्ट करायचं, कुस्ती नाही खेळायची," बाबा मागून म्हणाले. ते अजून त्यांच्याजवळ शाबूत आहे. इंजिन चालू केलं, काटा हळूहळू चढला आणि बरोबर मध्ये थांबला. त्यांनी माझा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "आता कुठेही जा."

आता लिहिते. घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. ऑगस्टमध्ये बाबांनी दोनदा गॅस उघडा ठेवला. एकदा बनियनवर हमरस्त्यापर्यंत चालत गेले, गॅरेज शोधायला. मी दिवसभर शाळेच्या नोकरीत, स्तांकाचे गुडघे गेलेले. तुला सांगितलं नाही, कारण तू "थांब" म्हणाला असतास, आणि मी थांबले असते.

मंगळवारी त्यांच्या सदऱ्यांची पिशवी डिकीत होती. बाबा आईचा पाण्याचा गडू घेऊन बाहेर आले आणि चाकांपुढे पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून, तू जर्मनीला निघालास तेव्हा आईनं ओतलं होतं तसं. मग बाजूला होऊन मला हात हलवू लागले. त्यांना वाटलं, मी एकटीच निघाले आहे. किती विनवलं, गाडीत बसेनात. "घर कोण बघेल?" म्हणत राहिले.

आणि मी म्हटलं, "बाबा, ल्युबेनला बसवरून आणायला जायचंय." त्यांनी गडू ठेवला, आरशात बघून केस विंचरले आणि पुढच्या सीटवर बसले. सबंध घाटभर काट्यावर नजर ठेवून होते. "बरोबर मध्ये आहे," दर वळणावर सांगायचे. त्यांना तिथे सोडून परत आल्यावर मी बाकावरचा कागद पाहिला. गोटीची जागा रिकामी होती. वृद्धाश्रमातल्या बाईंनी कळवलंय की ती त्यांच्या मुठीत असते, झोपतानाही, आणि जर्मनीची बस आली का, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. या वेळी जागा न बघताच मी बॉनेट लावलं होतं. मला माफ कर, असं मी म्हणणार नाही. पण ती बस दर शुक्रवारी येते, ल्युबेन. एकदा तिच्यातून उतर. मी त्यांना जे सांगितलं, ते एका दिवसापुरतं तरी खरं होऊ दे.

तुझी बहीण,
नेवेना