दोन बाटल्यांतले जंतू आणि रक्षाचं बाळंतपण

सिंदी (रेल्वे)
फेब्रुवारी २००३

चिरंजीव जावईबापू योगेंद्रराव यांना सासऱ्याचे, म्हणजे पुंडलिकरावाचे, पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. रक्षा कशी आहे? सातवा महिना आहे, तिला मागेल ते खाऊ घाला.

तुमच्या प्रयोगशाळेचा कागद मिळाला. माझा चुलतभाऊ महादेवराव (विहीर त्याची, पाणी दोन्ही घरांचं) ओरडत होता, की रक्षाच्या बाळंतपणासाठी मी बांधलेल्या संडासाची टाकी त्याच्या विहिरीत झिरपते. म्हणून संक्रांतीला तुम्ही दोन बाटल्या नेल्या, एक टाकीची, एक विहिरीची. आता लिहिता, की दोन्हींतले जंतू दुधातली साखर खातात आणि नळीत गॅस सोडतात, पण एवढ्यावरून ते एका घरचे ठरत नाहीत, म्हणून जनुकंही तपासली. इथे माझी गाडी अडली. खाण्यावरून पाहिलं तर मी मटण खातो, महादेवराव वांग्याबाहेर जात नाही, म्हणजे आम्ही वेगळे. जनुकांवरून पाहिलं तर आजोबा एक, नाक एक, म्हणजे आम्ही एकच. मग भाऊ धरायचं कशावरून? (गॅसच्या बाबतीत आम्ही सख्खे आहोत.)

शेवटी तुम्ही लिहिलंत, जनुकं तंतोतंत जुळली. अहो, तुमची आणि रक्षाची पत्रिकासुद्धा इतकी जुळली नव्हती! महादेवरावाने कागद ओढून वाचला (जनुक त्यालाही कळलं नाही, ‘जुळली’ तेवढं कळलं) आणि गरजला, "तुह्या टाकीतलेच जंतू माह्या विहिरीत येऊन राह्यले! रविवारी संडास पाड!" आणि तुमच्या आईंनी तर बजावलं आहे, की संडास नसेल तर सून माहेरी पाठवणार नाही. पहिलं बाळंतपण इथे व्हावं म्हणून आम्ही दोघं किती वाट पाहतो आहोत. खरं सांगतो, मला रडू येतं आहे.

घरच्या मोठ्यांना नमस्कार.

तुमचा पार गोंधळलेला,
पुंडलिकराव

ता. क. हे पत्र रक्षाच्या आईला वाचून दाखवलं, तर ती चुलीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "जावयाच्या हाती संडासाचं पाणी कसं देऊ मी? दोनी बाटल्या विहिरीवरच भरल्या." म्हणजे आमच्या टाकीतले जंतू तुम्ही अजून पाहिलेच नाहीत! कृपा करून या आणि बाटली स्वतः भरा. त्या दिवशी मी हिला रोहण्याला, तिच्या बहिणीच्या गावी पाठवतो. तोवर पाणी उकळून पितो आहोत.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच महादेवराव आला. म्हणाला, संडास राहू दे, टाकी तेवढी विहिरीपासून लांब नेऊ, खड्डा मी खणतो. मी चाट पडलो, हा एकदम असा विरघळला कसा? त्याच्यामागे कोकिळावहिनी उभ्या होत्या. त्यांनी घरी त्याला एवढंच विचारलं होतं म्हणे, "थो संडास पाडला, त उद्या सकायी मी जाऊ कोठी?"

रक्षाला पाठवा.