वीस तारखेच्या आधीचं गाऱ्हाणं

तोंडवली, शुक्रवार

तीर्थस्वरूप अप्पामामांस, लवूचा उजव्या हाताने नमस्कार. (डावा खांद्याच्या फारसा वर जात नाही. थोरांचा मान राखायला सध्या एकच हात आहे, गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचं ब्लडप्रेशर? मसुऱ्यात सगळी सुखरूप असतील. मी कसा आहे ते मात्र लिहीत नाही. त्याच एका उत्तराने माझा घात केला.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिडीवरून पडलो आणि खांदा निखळला (हे तुम्हाला ठाऊकच आहे), त्याला आठ महिने झाले. भरपाई किती द्यायची ते ठरवायला कंपनीने मुंबईला आपल्या डॉक्टरकडे पाठवलं. फार थोर माणूस, मामा. खांद्याकडे न बघता नुसतं कॉम्प्युटरकडे बघून त्याला सगळं कळतं. त्याने विचारलं, "कसे आहात?" आता आपल्याकडे असं विचारलं की तापाने फणफणलेला माणूससुद्धा "बरो आसंय" म्हणतो. मीही म्हटलं, "बरा आहे, देवाची कृपा. तुम्ही कसे?" त्याने लगेच टाईप केलं, रुग्णाची तक्रार नाही. मग म्हणाला, हात वर करा. हात खांद्याशी येऊन अडला, तर या सद्गृहस्थाने स्वतः धरून तो कानापर्यंत नेला. वर नेला त्याने, नोंद माझ्या नावावर! मी "आये गे" म्हणून किंचाळलो, ते काही रिपोर्टात आलं नाही. रिपोर्टात आलं ते एवढंच, अपंगत्व किरकोळ, कामाला योग्य. तुमची भाचेसून मथुरा तो कागद वाचून म्हणाली, "दुखता म्हणान सांगूक तोंड नव्हता तुमका?"

कुडाळच्या डॉक्टरांनी मात्र दोनदा तपासून लिहून दिलं, जहाजाच्या कामाला कायमचा अयोग्य. नापास होऊन आनंद झाला तो आयुष्यात पहिल्यांदा. दोघांचं जमेना, म्हणून करारानुसार आता तिसरा डॉक्टर, वीस तारखेला. त्याचा शब्द शेवटचा. त्यानेही योग्य लिहिलं तर भरपाई गेली, आणि असल्या हाताचा मोटरमन इंजिनावर कुठलं जहाज घेणार? म्हणून मथुरा रोज माझी तालीम घेते. "कसे आहात?" विचारते. काल सात वेळा विचारलंन, सातही वेळा "बरा आहे" निघालं.

आपला आज्ञाधारक (आणि कुडाळच्या मते निम्मा) भाचा,
लवू

ता. क. : खरं काम हे. मथुरेच्या सांगण्यावरून तुम्ही देवळात गाऱ्हाणं घातलंत, लवूचो हात बरो कर, आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. मंगळवारपासून हात दोन बोटं जास्त वर जातोय. मामा, बुडालो मी! देवाला म्हणा, वीस तारीख जाऊ दे, मग सावकाश बरा कर.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज सगळी वाडी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होती. मला वाळूवर बसवून सगळ्यांच्या चपला सांभाळायला दिल्या, आणि जाळ्याला हातसुद्धा न लावता चार बांगड्यांचा वाटा दिला. मथुरेने तळले, मी चारही तिच्या ताटात सरकवले. मामा, देवाला तारीखबिरीख काही सांगू नका. हात आजच मागा.