दाराआडची आत्या

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या फोटोंचं प्रदर्शन काल उघडलं आणि मला अजून किळस वाटतेय. तुझ्या त्या बंद पडलेल्या थिएटरच्या फोटोंसमोर लोक सरबताचे ग्लास घेऊन उभे होते. कबुतरांनी घाण केलेल्या खुर्च्या पाहून एक बाई म्हणाल्या, किती गोड पडझड! एकाला तुंबलेल्या मोरीचा फोटो जेवणाच्या खोलीत लावायचाय. शी! तो काढताना मी नाकाला रुमाल बांधला होता.

सगळ्यात भाव खाल्ला तू राहतेस त्या वरच्या मजल्याच्या गॅलरीने. तू माझ्यासाठी कुंड्या आत नेल्यास, दोरीवरचे कपडे काढलेस आणि शिंक दाबून दाराआड उभी राहिलीस, म्हणून ती इतकी ओसाड दिसते. थिएटरची जागा घेणाऱ्या बिल्डरनेही त्या फोटोची मोठी प्रत नेली. त्याला कलेतलं काय कळतं कोण जाणे.

तब्येत सांभाळ. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

बिल्डरला काय कळतं ते आज पालिकेतल्या सुनावणीत कळलं. त्याच्या वकिलाने तू काढलेला गॅलरीचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, पाहा साहेब, इथे चिटपाखरूही राहत नाही, पाडायला हरकत काय? मी समोर बसलेली! म्हटलं, अहो, त्या दारामागे मीच आहे. सगळे खो खो हसले. साहेबांनी तर चष्मा लावून दाराकडे निरखून पाहिलं. विजेचं बिल थिएटरच्या नावावर, शेजारी कधीच निघून गेलेले. मी तिथे राहते हे सांगणार कोण? महिनाअखेरीस निकाल आहे.

त्या वकिलाच्या तेलकट हसण्याची किळस आलीच, पण खरं सांगते, फोटोची जास्त आली. तिकीट खिडकी बंद झाली तरी वर येणारा जिना मी रोज पुसते गं. तू त्यावर बाहेरून पाचोळा आणून पसरलास, तेव्हा गप्प बसले. भाचीचं कौतुक नडलं.

कपडे वाळत असतानाचा एखादा फोटो असेल तर धाड. माझ्या विटक्या गाऊनची लाज बाळगू नकोस.

तुझी,
आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं धुंडाळलं. नाही गं. फोटोत माणूस, टॉवेल, चहाचा कप काहीही आलं की तो फोटोच तिथल्या तिथे खोडून टाकायचा, ही माझी शिस्त. शिस्त कसली, माज! शहरभर मी हेच करत हिंडले. माणसांना बाजूला व्हायला सांगायचं आणि मग इमारत किती एकाकी म्हणून उसासे टाकायचे. स्वतःचीच शिसारी आली. प्रदर्शनातले सगळे फोटो उतरवले. आयोजक चिडलेत, चिडू देत.

बाबा म्हणतात, ताईला सरळ इकडे घेऊन ये. येतेस का?

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
चिमणी

२४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला सांग, मी सामान नाही उचलून न्यायला. माझं घर इथे आहे.

आता मुळूमुळू रडणं पुरे. निकालाच्या आत कॅमेरा घेऊन ये. कुंड्या बाहेर मांडल्यात, गाऊन दोरीवर चढवलाय, जिना लख्ख पुसलाय. साहेब ऐकतील की नाही, देव जाणे. पण मी कठड्याला टेकून अगदी मधोमध उभी राहणार आहे. जरा बाजूला हो म्हणालीस तर कान उपटीन.

आणि या खेपेला शिंक आली तर मी दाबणार नाही.

तुझी आत्या,
राहणार तिथेच