रायमुंदाचे डोळे

२१ ऑगस्ट
आदेमार म्हणतो, म्हातारीला तिथून हलव. माझ्या निवडणुकीच्या तोंडावर कुणी मरायला नको.
'आणि निवडणूक नसती तर?' बेतिनानं विचारलं. वकिलीचं शिकून आल्यापासून आमची ही मुलगी जेवतानाही उलटतपासणी घेते.
'तर तुझ्या आईला पाठवलंच नसतं,' तो म्हणाला आणि पुढचा मांसाचा तुकडा कापला.

२२ ऑगस्ट
चहूकडे आमचं सोयाबीन. मधे नदीकाठचा एवढाच रानाचा पट्टा उरलाय — त्यात म्हाताऱ्या रायमुंदाची झोपडी. भोवतालची झाडं आमच्या मुकादमानं, गिल्मारनं, पाडून ठेवलीत. कडकडीत वाळलीत. कास्तान्याची, म्हणजे ब्राझील नटची, झाडं तेवढी उभी आहेत. ती तोडायला कायद्यानं बंदी. जळली तर अपघात.
टीव्हीवाले रोज म्हातारीला दाखवतात आणि विचारतात, रान खाणारा माणूस गव्हर्नर होणार का?

२५ ऑगस्ट
गेले रायमुंदाकडे. दक्षिणेतून नवे आलो तेव्हा ताडपत्रीखाली बेतिना हिच्याच हातावर जन्मली. त्यामुळे माझ्यावर म्हातारीचा विश्वास. बरंच झालं.
'कोण?'
'मी, लेओकादिया.'
'ये पोरी. आता माणूस दिसत नाही गं, सावली दिसते.'
मासा आणि कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ वाढलं. मी दोनदा घेतलं, चव होती.
'मावशी, मोतीबिंदू आहे तो. शहरात, कुयाबाला चल, डोळे करून आणू.'
'आणि घर?'
'मी आहे ना.'
तिनं माझ्या हाताचा मुका घेतला. परतताना नदीवर हात धुतला. माशाचा वास जाईना.

२७ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. आदेमार फुलं आणि कॅमेरे घेऊन आला. 'देवानं नेलेले डोळे आदेमारनं दिले,' म्हातारी म्हणाली. मी शिकवलं नव्हतं. शिकवूनही इतकं छान जमलं नसतं.
संध्याकाळी गिल्मारचा फोन. 'वारा चांगला लागला, बाईसाहेब.'

२८ ऑगस्ट
पट्टी निघाली. आधी तिनं मलाच निरखलं.
'केवढी म्हातारी झालीस गं!'
नर्स हसली. मग रायमुंदा खिडकीपाशी गेली. शहरावर धूर पसरला होता.
'ढग आलेत. पाऊस येणार.'
मी हो म्हणाले. पाणी पाजलं, मग सांगितलं — तुझ्या घराला आग लागली, या दिवसांत लागतेच. 
घरी बेतिना दारातच उभी.
'त्यांच्याकडे जेवलीस तू?'
'जेवले.'
'आणि घशाखाली उतरलं?'
उतरलं होतं. खोटं कशाला बोलू?

२ सप्टेंबर
बेतिना म्हातारीला घेऊन परत तिथंच गेली. राखेत ताडपत्री ठोकून राहिल्यात दोघी. आदेमार म्हणतो, डास चावले की येईल.

१९ सप्टेंबर
डोळ्यांची जाहिरात जोरात चाललीय. आदेमार सगळ्यांच्या पुढे.

३ ऑक्टोबर
निवडून आला. अंगणात फटाके, बिअर, मिठ्या. गिल्मारनं गर्दीतून वाट काढत विचारलं, नदीकाठच्या पट्ट्यावर ट्रॅक्टर कधी घालायचे?
'उद्या पहाटे,' आदेमार म्हणाला.
'बेतिना झोपलेली असते तिथं,' मी म्हणाले.
त्यानं माझा ग्लास भरला. 'कुणाला तरी आधी पाठवायला हवं का? या वेळी निवडणूक नाही.'